तेवीस नियमांचा फलक: एका डायलिसिस विभागातलं प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या रुग्णालयातल्या डायलिसिस विभागाचं आहे. काळ फेब्रुवारी ते जून २०२१. रुग्णालय आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र झाले तसेच मांडले आहेत. मी तिथे इन्फेक्शन कंट्रोल नर्स होते. नियम लिहायचे, ते पाळले जातात का बघायचं आणि काही चुकलं तर उत्तर द्यायचं, हे माझं काम.

पार्श्वभूमी

डायलिसिसचा रुग्ण घरी बसून राहू शकत नाही. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला साधारण चार तास, त्याला मशीनला जोडून राहावंच लागतं. खेप चुकली तर अंगात पाणी साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे २०२० मध्ये सगळीकडे दारं बंद झाली तेव्हाही आमचा विभाग एक दिवस बंद राहिला नाही. बारा मशीन, दिवसाला तीन पाळ्या, सहासष्ट रुग्ण आणि एकोणीस कर्मचारी.

या रुग्णांना कोविड झाला तर काय होतं, ते पहिल्या लाटेतच कळलं होतं. अनेक देशांच्या नोंदींमध्ये संसर्ग झालेल्या डायलिसिस रुग्णांपैकी पाचातला साधारण एक दगावत होता. विभागातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं आणि पहिले सहा-सात महिने सगळे त्याच धास्तीने वागले. ऑगस्टमध्ये एका रुग्णाला घरातून लागण झाली. त्याला दिवसाच्या शेवटच्या पाळीत, कोपऱ्यातल्या मशीनवर, वेगळे कर्मचारी देऊन आम्ही डायलिसिस देत राहिलो. त्याच्यापासून दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. त्या दिवसांचा सगळ्यांना रास्त अभिमान होता.

भिंतीवरच्या फलकाची सुरुवात मार्च २०२० मध्ये सात नियमांनी झाली. पुढे प्रत्येक नव्या परिपत्रकाबरोबर त्यात भर पडत गेली आणि डिसेंबरपर्यंत तेवीस नियम झाले. बुटांवर कव्हर, पिशव्यांवर फवारा, फाइल हाताळण्याआधी सॅनिटायझर, दारावर तापमान, त्याची नोंद, नोंदीवर सही. एकही नियम कधी कमी झाला नाही. कोणता नियम कशासाठी आहे हे फलकावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो फलक माझ्याच हातचा होता.

अडचण

जानेवारी २०२१ मध्ये रुग्णसंख्या घसरली. महिना संपता संपता कर्मचाऱ्यांना लसीचा पहिला डोस मिळाला. रुग्णांना अजून मिळाला नव्हता. विभागात हायसं वाटलं आणि ते वाटणं साहजिक होतं. वर्षभर कोणी धड सुट्टी घेतली नव्हती, काहींनी आपल्याच घरात महिनोन् महिने वेगळ्या खोलीत ताट घेतलं होतं. पहिल्या डोसनंतर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेही पुरेसं नसतं, हे प्रशिक्षणात सांगून झालं होतं. पण दंडावर सुई टोचली गेली की मनाने आपण सुटलेलो असतो.

२ फेब्रुवारीला, मंगळवारी, दुपारी अडीचच्या सुमाराला मी दारावरचं तापमानाचं रजिस्टर उघडलं. सकाळच्या पाळीतल्या सगळ्या नावांपुढे एकच आकडा होता: ९७.४. अक्षर एकाच हाताचं, शाई एकच. पान उलटलं तर बुधवारचंही भरून ठेवलेलं. जे रुग्ण उद्या येणार होते त्यांचं तापमान आजच लिहून झालं होतं.

तिथून मी कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत गेले. दहा बाय बारा फुटांची खोली, एसी लावलेला, म्हणून खिडकी बंद. सात जण दाटीवाटीने डबे उघडून बसले होते. मास्क हनुवटीवर, कोणाचा कोपराला अडकवलेला. कोणीतरी मला जागा करून दिली आणि मीही पाच मिनिटं बसले. हे लिहिणं भाग आहे, कारण पुढे जे झालं त्यात मी बाहेरून बघणारी नव्हते.

त्याच दुपारी रुग्णांच्या हॉलमध्ये तेच सात जण मास्क नाकावर नीट दाबून, फेसशील्ड लावून काम करत होते. त्यात कसूर नव्हती. म्हणजे शिस्त सगळीकडे सुटली नव्हती, जिथे आपली माणसं होती तिथे सुटली होती. रुग्ण परका, त्याच्यापासून भीती. वर्षभर खांद्याला खांदा लावून काम केलेली सहकारी परकी कशी वाटणार? तिच्यापासून धोका आहे असं मानणंच माणसाला अपमानासारखं वाटतं.

पहिला निर्णय: चुकीचा

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पुन्हा प्रशिक्षण घ्यायचं, लेखी ताकीद द्यायची, किंवा खाली बसून विचारायचं की असं का होतंय. विचारायला वेळ लागला असता. शिवाय मला राग आला होता. वरिष्ठांनाही काहीतरी कागदावर दिसायला हवं होतं.

५ फेब्रुवारीला मी मेमो काढला. तेवीसच्या तेवीस नियम पाळावेत, रजिस्टरमध्ये खोटी नोंद आढळल्यास एक दिवसाचा पगार कापला जाईल, पुन्हा आढळल्यास लेखी नोंद सेवापुस्तकात जाईल. मेमोवर सही माझी आणि विभागप्रमुखांची.

दोन आठवड्यांत रजिस्टर सुधारलं. वेगवेगळे आकडे, वेगवेगळ्या सह्या. मला वाटलं, जमलं. त्या दोन आठवड्यांत आणखीही एक बदल झाला होता आणि तो मी बघितला नाही. ‘सर्दी वाटतेय, येऊ का?’ असे फोन मला आठवड्याला दोन-तीन तरी यायचे. मेमोनंतर एकही आला नाही. शांतता म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ मी काढला.

काय घडलं

१९ फेब्रुवारीला, शुक्रवारी, एका तरुण टेक्निशियनचा घसा दुखत होता. शुक्रवार आणि शनिवार ती कामावर आली. जानेवारीत चाचणीचा अहवाल येईपर्यंत घरी थांबलेल्या एका सहकाऱ्याचे तीन दिवस बिनपगारी धरले गेले होते. तो हिशेब तिच्या डोक्यात होता, आणि वर माझा मेमो. ‘एसीने बसला असेल घसा’ असं तिने शेजारणीला सांगितलं. दारावर तिचं तापमान दोन्ही दिवस नॉर्मल आलं आणि ते खरं होतं. मेमोमुळे आता सगळे खरेच आकडे लिहीत होते.

सोमवारी तिला वास येईना. मंगळवारी अहवाल आला: पॉझिटिव्ह. रविवारपर्यंत आणखी चार कर्मचारी पॉझिटिव्ह आले. चौघंही शुक्रवारी किंवा शनिवारी तिच्याबरोबर त्या खोलीत जेवले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन रुग्णांना लागण झाल्याचं कळलं. त्यातले एक, साठी ओलांडलेले गृहस्थ, सहा वर्षं आमच्याकडे येत होते. पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी येऊन बसायचे, म्हणून सगळ्यांच्या ओळखीचे. ते अठरा दिवसांनी गेले. त्यांना लागण आमच्याकडेच झाली हे मी सिद्ध करू शकत नाही. घरात कोणी आजारी नव्हतं एवढंच मला माहीत आहे.

या विषाणूचा स्वभाव बघितला तर यात नवल काही नाही. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो आणि लक्षणं सुरू होण्याच्या आसपास तो सर्वांत जास्त पसरवतो. दारावरची तापमानाची बंदूक हे पकडू शकत नाही. डायलिसिसच्या रुग्णांच्या बाबतीत तर ती आणखी निरुपयोगी. त्यांचं मूळ तापमानच बरेचदा कमी असतं आणि संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. मी दोन आठवडे ज्या रजिस्टरसाठी भांडले, त्या रजिस्टरचा या प्रकरणात काडीचा उपयोग नव्हता.

पर्याय

२७ फेब्रुवारीला, शनिवारी, तिसरी पाळी संपल्यावर आम्ही गच्चीवर जमलो. कामावर उरलेले चौदा कर्मचारी, विभागप्रमुख आणि मी.

विभाग बंद करून रुग्ण दुसरीकडे पाठवायचे, हा पर्याय पाच मिनिटांत मागे पडला. जवळपासच्या केंद्रांकडे जागा नव्हती आणि खेप चुकवणं शक्य नव्हतं.

एप्रिल २०२० कडे परत जायचं, म्हणजे सगळ्यांनी दिवसभर पूर्ण पीपीई घालायचं, हा विभागप्रमुखांचा आग्रह होता. मीही अर्धी त्या बाजूला होते, कारण तो ‘कडक’ वाटत होता. मला सारखं सॅन फ्रान्सिस्को आठवत होतं. १९१८ च्या फ्लूत त्या शहराने ऑक्टोबरमध्ये मास्क सक्तीचा केला, लोकांनी बऱ्यापैकी पाळला. २१ नोव्हेंबरला भोंगे वाजवून सक्ती उठवली. डिसेंबरमध्ये आजार पुन्हा वाढला आणि जानेवारी १९१९ मध्ये सक्ती परत आणली, तेव्हा त्याच शहरात मास्कविरोधी लीग उभी राहिली. पहिल्यांदा लोकांनी जे आपण होऊन दिलं, ते दुसऱ्यांदा तेवढ्या सहज मिळालं नाही. एप्रिल २०२० चं मन एप्रिल २०२० मध्येच होतं. दमलेल्या माणसाकडून ते मागून आणता येत नाही.

तिसरा पर्याय एका मावशींच्या बोलण्यातून पुढे आला. त्या विभागात सफाईचं काम करतात, बैठकीत एरवी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “सिस्टर, तुम्ही सगळंच महत्त्वाचं म्हणता. सगळं तर होत नाही. मग काय सोडायचं ते आम्हीच ठरवतो.”

मी विचारलं, “आणि काय सोडता?”

“जे जड जातं ते.”

माझ्या वर्षभराच्या प्रशिक्षणांपेक्षा या दोन वाक्यांनी मला जास्त शिकवलं. थकलेली माणसं काहीतरी सोडणारच. काय सोडलं तर चालेल हे आपण सांगितलं नाही, तर जे सोपं आणि दिसणारं आहे ते टिकतं आणि जे अवघड आहे ते सुटतं. सॅनिटायझर टिकतो, बुटांची कव्हरं टिकतात. आजारी असताना घरी थांबणं, एकट्याने जेवणं, खिडकी उघडून उकाडा सोसणं हे सुटतं. आणि हवेतून पसरणाऱ्या आजारात नेमकं तेच कामाचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने ऑक्टोबर २०२० मध्येच या थकव्यावर मार्गदर्शिका काढली होती. दीर्घ काळ न सुटणाऱ्या संकटाला माणसाचा हा स्वाभाविक प्रतिसाद आहे असं त्यात म्हटलं होतं. उपायही दिले होते: लोकांना समजून घ्या, त्यांना उपायात सामील करा, जगू द्या पण धोका कमी करून, आणि त्यांनी सोसलेलं मान्य करा. मी ती वाचली होती. वाचून मेमो काढला होता.

काय केलं

१ मार्चला, सोमवारी, जुना फलक उतरवला आणि चार ओळींचा नवा लावला. घसा, सर्दी, ताप, अंगदुखी, काहीही असेल तर घरी थांबायचं. पहिले तीन दिवस भरपगारी, दाखला लागणार नाही. विश्रांतीच्या खोलीत एका वेळी दोघंच, खिडकी उघडी. जेवण गच्चीवर, ठरलेल्या वेळी, अंतर ठेवून. हॉलमध्ये रुग्ण आणि कर्मचारी दोघांच्याही नाकावर मास्क, पूर्ण चार तास.

चौथ्या ओळीसाठी रुग्णांना डायलिसिस चालू असताना खायला देणं बंद करावं लागलं. मधुमेही रुग्णांची साखर मध्येच उतरू शकते, म्हणून त्यांना अपवाद होता. बाकीच्यांना सुटका झाल्यावर बाहेर बसून खायला सांगितलं.

पहिली ओळ मिळवायला सर्वांत जास्त झगडावं लागलं. प्रशासनाला भीती होती की दाखल्याशिवाय रजा दिली तर लोक गैरफायदा घेतील. मी त्यांच्यापुढे पाच आजारी कर्मचाऱ्यांच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब ठेवला. तीन महिन्यांपुरती परवानगी मिळाली.

खोलीच्या नियमाला मात्र भाषण लागलं नाही. इमारतीच्या देखभाल विभागाकडून मी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मागून आणलं. उघड्या हवेत ते सुमारे ४२० दाखवतं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. आपण सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय त्याचा हा अंदाज. खिडकी लावून आम्ही सात जण मास्क लावून त्या खोलीत बसलो. आकडा हजारावर गेला, मग दीड हजार, वीस मिनिटांत २,३०० च्या पुढे. एक टेक्निशियन हळूच म्हणाली, “म्हणजे हे सगळं आपण एकमेकींचंच घेतोय?” तिने उठून खिडकी उघडली, पंखा बाहेरच्या दिशेने लावला आणि सगळे यंत्राकडे बघत उभे राहिले. आकडा आठशेच्या खाली यायला पंधरा मिनिटं लागली. त्यानंतर ती खिडकी बंद करण्यावरून वाद झालेला मी ऐकला नाही.

काढून टाकलेल्या गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्यावर जास्त चर्चा झाली. बुटांची कव्हरं, पिशव्यांवरचा फवारा, फाइलींचं पुसणं, रजिस्टरवरच्या सह्या गेल्या. मशीन आणि खुर्ची दर रुग्णानंतर जंतुनाशकाने पुसणं मात्र तसंच ठेवलं. त्याचं कारण कोविड नव्हे, हेपटायटिस बी आणि सी. ते रक्तातून पसरतात आणि डायलिसिस विभागात त्यांचा धोका महामारी असो-नसो असतोच. हे कारण पहिल्यांदाच लिहून लावलं. तोवर अनेकांची समजूत होती की तेही कोविडमुळेच आहे, म्हणजे कधीतरी सुटणारं आहे. हा गैरसमज वेळेवर सापडला नसता तर आणखी वेगळंच दुखणं निघालं असतं.

तापमानाच्या बंदुकीवर आम्ही अडकलो. ती काढावी असं माझं मत होतं. दोन दिवस काढलीही. तिसऱ्या दिवशी नातेवाईक विचारू लागले, “आता इथे तपासतच नाहीत का?” एका रुग्णाची मुलगी घाबरून वडिलांना परत घेऊन जायला निघाली. खेप चुकली असती. शेवटी बंदूक परत दारावर आली, पण नोंद नाही. तिच्याबरोबर प्रत्येकाला एक प्रश्न: घरात कोणाला बरं नाही का? उपयोग प्रश्नाचा होता, बंदूक विश्वासासाठी. ही तडजोड बरोबर होती की नाही, माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. निरुपयोगी वस्तूने विश्वास टिकतो तेव्हा तो चुकीच्या गोष्टीवरचा विश्वास असतो. पण त्या मुलीला त्या क्षणी काय सांगायला हवं होतं, ते मला आजही सुचत नाही.

नवा फलक लावला त्याच सोमवारी, १ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी सांगितलं की जगभरातली रुग्णसंख्या सात आठवड्यांत पहिल्यांदाच वाढली आहे. त्यांनी दिलेल्या कारणांत लोकांनी सावधगिरी सोडल्याचाही उल्लेख होता.

निष्पत्ती

मार्च ते जून या चार महिन्यांत कर्मचाऱ्यांमध्ये आणखी तिघांना लागण झाली. तिघंही पहिल्याच लक्षणाला घरी थांबले होते आणि त्यांच्यापासून विभागात कोणाला झाल्याचं आढळलं नाही. रुग्णांमध्येही लागण झाली, बहुतेक घरातल्यांकडून. बाहेर लाट मोठी असताना आत शून्य राहील अशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती.

किंमतही मोजावी लागली. मार्चमध्ये रजा इतक्या वाढल्या की जवळजवळ दोन आठवडे तिसरी पाळी कमी मशीनवर चालवावी लागली आणि काही रुग्णांना चारऐवजी साडेतीन तास मिळाले. डॉक्टरांनी कोणाची वेळ कमी करता येईल ते एकेक पाहून ठरवलं, तरी रुग्णांचा त्रास खरा होता. रजेचा गैरफायदा घेतल्याचा संशय एक-दोनदा आला. मी चौकशी केली नाही. चौकशीची बातमी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळली असती आणि पुन्हा घसा दुखणारं कोणीतरी गप्प बसलं असतं.

आणि थकवा परत आला. मे महिन्याच्या अखेरीस विश्रांतीच्या खोलीत दोनाचे तीन झाले, जूनमध्ये पावसामुळे गच्ची बंद झाली तेव्हा चार. खिडकी तेवढी उघडी राहिली.

आज वेगळं काय केलं असतं

मेमो काढला नसता, हे उघड आहे. पण चूक ५ फेब्रुवारीची नाही, जानेवारीची होती. रुग्णसंख्या खरोखर कमी होती तेव्हा मी एकही नियम सैल केला नाही. तेव्हाच बुटांची कव्हरं काढून ‘हे आता नको, हे पुढेही हवं’ असं सांगितलं असतं तर माझ्या ‘हवं’ला वजन राहिलं असतं. सैल कधी करायचं आणि पुन्हा आवळायचं कधी, याचे निकष आधीच ठरवून सगळ्यांना माहीत असायला हवे होते. पावसाळ्यात जेवायची दुसरी जागा मार्चमध्येच शोधायला हवी होती. थंड डोक्याने बसलो असतो तर ते सहज सुचलं असतं.

सुट्ट्यांचं वेळापत्रकही लावायला हवं होतं. माणसं वर्षभर थकली होती आणि मी त्यांना नियम देत होते. प्रत्येकाला सलग चार दिवस मोकळे देता आले असते का, हा प्रश्न एकाही बैठकीत निघाला नाही. माझ्याकडूनही नाही.

ती तरुण टेक्निशियन सतरा दिवसांनी कामावर परतली. ते गृहस्थ त्यानंतर काही दिवसांनी गेले. त्यांची शेवटच्या काही महिन्यांतली बरीच डायलिसिस तिनेच लावली होती. पुढे कितीतरी दिवस ती गच्चीच्या टोकाला, ठरलेल्या अंतराच्याही पलीकडे, भिंतीकडे तोंड करून जेवायची. कोणी तिला काही बोललं नव्हतं. कोणी काही सांगितलंही नव्हतं. त्या शुक्रवारी ती घरी का थांबू शकली नाही, त्या कागदावर माझी सही कशी होती, हे मी तिच्याजवळ बसून बोलले ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात. ते मार्चमध्ये, ती परत आली त्याच सकाळी बोलायला हवं होतं.